फॉक्स बहिणींच्या मागावर : न्यूयॉर्क राज्यात सात दिवस

एकोणिसाव्या शतकातली रहस्यकथा, नायिका मृतात्म्यांशी बोलणारी मीडियम आणि मागे बायकांच्या मताधिकाराची चळवळ. इंग्रजी रहस्यकथा वाचणाऱ्यांना हा साचा चांगलाच परिचयाचा आहे. खून होतो, पोलीस चाचपडत बसतात, बाई डोळे मिटून टेबलापाशी बसते आणि मेलेला माणूस बोलू लागतो. प्लँचेटच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात फार नवल वाटणार नाही. नवल आहे ते या दोन गोष्टी एकाच मातीतून वर आल्या याचं. ३१ मार्च १८४८ च्या रात्री हाइड्सव्हिल नावाच्या वस्तीत मॅगी आणि केट फॉक्स या दोन बहिणींनी भिंतीतल्या टकटकीला प्रश्न विचारले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, जेमतेम पस्तीस किलोमीटरवरच्या सेनेका फॉल्समध्ये, बायकांना मत हवं असा ठराव जाहीर सभेत मंजूर झाला. दोन्हीकडे माणसंही बरीचशी तीच होती.

हा प्रवास जूनअखेर ते ऑगस्टअखेर या काळातच करावा, कारण लिली डेल या परलोकवाद्यांच्या, म्हणजे मृतात्म्यांशी बोलता येतं असं मानणाऱ्यांच्या, गावाचा हंगाम तेवढाच असतो. निघावं सोमवारी. पहिला दिवस सगळा रस्त्यावरचा असल्यामुळे सोमवारी बंद असणाऱ्या संग्रहालयांचा फटका बसत नाही, कॅनंडेग्वाचं न्यायालय कामाच्या दिवशी गाठता येतं आणि शनिवार-रविवार लिली डेलला मिळतात. गाडी लागतेच. आगगाडी पोकिप्सी, रॉचेस्टर, बफलोपर्यंत नेते, पण हाइड्सव्हिल आणि लिली डेलला सार्वजनिक वाहनानं जाण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्क थ्रूवे या महामार्गावर टोलनाके उरलेले नाहीत, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल भाड्याच्या गाडीच्या कंपनीकडे जातं. पुष्कळ कंपन्या त्यावर आपलं सेवाशुल्क दिवसाच्या हिशेबानं चढवतात. गाडी घेतानाच ई-झी-पासचं, म्हणजे टोल आपोआप भरणाऱ्या पासचं, काय ते विचारून घ्यावं. गाडी न्यूयॉर्कला घेऊन बफलोला सोडायची तर एकेरी प्रवासाचा आकारही आधीच विचारावा.

पहिला दिवस, सोमवार : न्यूयॉर्क शहर

सुरुवात शेवटापासून. रहस्यकथेत उलगडा शेवटी येत असला तरी लेखकाला तो आधी ठाऊक असावा लागतो. युनियन स्क्वेअरहून पूर्वेला दोन मिनिटं चाललं की चौदावा रस्ता आणि अर्व्हिंग प्लेसच्या कोपऱ्यावर कॉन एडिसनची मनोरा असलेली इमारत येते. इथं अकॅडमी ऑफ म्युझिक हे नाट्यगृह होतं. २१ ऑक्टोबर १८८८ रोजी मॅगी फॉक्स इथल्या रंगमंचावर बूट काढून, मोज्यांवर उभी राहिली आणि चाळीस वर्षं ऐकवलेली टकटक पायाच्या अंगठ्यातून कशी निघते ते तिनं सगळ्यांसमोर दाखवलं. धाकटी केट प्रेक्षागृहात बसून बघत होती.

युक्ती साधी, पण तिला अटी बऱ्याच. अंगठ्याचा सांधा बोटं मोडावीत तसा, पण वरून हालचाल न दिसता, पुन्हा पुन्हा वाजवायचा. हे लहानपणी, सांधे लवचीक असताना जमतं. मोठेपणी शिकायला बसलं तर फारसं साधत नाही. पाय लाकडाला टेकलेला हवा. जमीन, दार, टेबलाचा पाय, काहीही चालेल, पण मधे गालिचा किंवा उशी आली की आवाज मरतो. आणि असा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही. मीडियमनं भिंतीकडे पाहिलं की ऐकणाऱ्यालाही तो भिंतीतून आल्यासारखा वाटतो. दगडी फरशीच्या दालनात, जाड गालिच्यावर टकटक ऐकवणाऱ्या कादंबऱ्या निघतात. त्यांच्या लेखकांनी हा एक प्रयोग घरी करून बघायला हरकत नव्हती.

पुढच्याच वर्षी मॅगीनं हा कबुलीजबाब मागे घेतला. तिला तेव्हा पैशांची नड होती, दारू होती, थोरली बहीण लीआ हिच्याशी वैर होतं. त्यामुळे कबुली खरी की माघार खरी, यावर भाविक आजही भांडतात. अंगठ्याचा आवाज मात्र तिथं हजर असलेल्यांनी ऐकला होता.

तिथून सबवेनं वॉल स्ट्रीटकडे यावं. ४४ ब्रॉड स्ट्रीटवर १८७० साली व्हिक्टोरिया वुडहल आणि तिची बहीण टेनेसी क्लॅफ्लिन यांनी दलालीची पेढी काढली. वुडहल उघडउघड मीडियम होती, प्राचीन ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस आपला मार्गदर्शक असल्याचं सांगायची. ११ जानेवारी १८७१ ला तिनं अमेरिकी काँग्रेसच्या न्यायविषयक समितीपुढे बायकांच्या मताधिकाराची बाजू मांडली, त्याच वर्षी ती अमेरिकेतल्या परलोकवाद्यांच्या राष्ट्रीय संघटनेची अध्यक्ष झाली आणि १८७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली. मतदानाच्या वेळी वय होतं चौतीस, घटनेला हवं पस्तीस; पण त्यावर चर्चा व्हायचीच वेळ आली नाही. इमारत आता जुनी उरलेली नाही, पत्ता बघून पुढे निघावं.

ब्रॉड स्ट्रीट स्थानकातूनच जे लाइनची गाडी घ्यावी, बाकीचा दिवस तीच एक गाडी पुरते. एसेक्स स्ट्रीटला उतरून लडलो आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेलं की शाळेची मोठी इमारत दिसते. तिथं लडलो स्ट्रीटचा तुरुंग होता. ५ नोव्हेंबर १८७२ ला, ऐन मतदानाच्या दिवशी, उमेदवार वुडहल अश्लील मजकूर टपालानं पाठवल्याच्या आरोपाखाली या तुरुंगात होती. हा दिवस लक्षात ठेवावा, रॉचेस्टरला तो पुन्हा लागणार आहे.

जे लाइन तशीच पुढे ब्रुकलिनमधून सायप्रेस हिल्सपर्यंत जाते. तिथल्या दफनभूमीत केट (मृत्यू १८९२) आणि मॅगी (मृत्यू १८९३) पुरलेल्या आहेत. आवार प्रचंड आहे आणि नुसतं फिरून कबर सापडत नाही. दुपारी कार्यालय उघडं असताना जाऊन नाव आणि मृत्यूचं वर्ष द्यावं, नकाशावर खूण करून मिळते.

दुसरा दिवस, मंगळवार : हडसनच्या काठानं वर

आजचा दिवस मुख्यतः गाडीतला. पण दोन तासांवर पोकिप्सी आहे आणि मराठी माणसानं ते चुकवू नये. तिथल्या रूरल सेमेटरीमध्ये, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी आहेत; अमेरिकेत आनंदीबाईंना याच कुटुंबानं आसरा दिला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या आणि गोपाळरावांनी अस्थी थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ दगडावर कोरलेली आहे.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला मार्च १८८६ मध्ये पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला हजर होत्या. त्या पुढे अमेरिकेत राहिल्या, तिथल्या बायकांच्या संघटना त्यांनी आतून पाहिल्या आणि १८८९ साली मुंबईत छापलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात त्यांच्याबद्दल मराठीत लिहिलं. म्हणजे आपण ज्या रस्त्यानं निघालो आहोत त्या काळाचं डोळस प्रवासवर्णन आपल्या भाषेत सव्वाशेहून अधिक वर्षं पडून आहे. निघण्यापूर्वी त्यातलं स्त्रियांच्या स्थितीवरचं प्रकरण वाचून घ्यावं.

मुंबईशी आणखी एक धागा आहे. मॅडम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांची पहिली भेट १८७४ मध्ये व्हरमाँटमधल्या चिटेंडनच्या एका शेतघरात झाली. तिथं भुतं बोलावण्याचे प्रयोग चालत आणि दोघंही तेच बघायला गेले होते. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी निघाली आणि १८७९ मध्ये दोघं मुंबईत उतरून गिरगावात राहिले.

पोकिप्सीहून ऑल्बनी आणि मग पश्चिमेला थ्रूवे. चार-साडेचार तास. एक्झिट ४१ ला बाहेर पडून मुक्काम सेनेका फॉल्स किंवा वॉटर्लूला. थ्रूवेवरच्या थांब्यांवर शाकाहारी माणसाला पिझ्झा, सॅलड आणि बटाटा याच्यापलीकडे फारसं काही मिळत नाही, डबा बरोबर असलेला बरा.

तिसरा दिवस, बुधवार : सेनेका फॉल्स आणि वॉटर्लू

सकाळी फॉल स्ट्रीटवरच्या विमेन्स राइट्स नॅशनल हिस्टॉरिकल पार्कच्या केंद्रात जावं. प्रवेश विनामूल्य. सगळ्यात आधी रेंजरला त्या दिवशी कुठली घरं कधी उघडतात ते विचारावं. १८४८ ची सभा घडवून आणणाऱ्यांतल्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांचं वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं घर आणि वॉटर्लूचं मॅक्लिंटॉक घर कर्मचारी असतील तसं, ठरावीक वेळीच उघडतात. न विचारता गेलं की कुलूप बघून परतावं लागतं.

शेजारीच वेस्लियन चॅपल. १९ आणि २० जुलै १८४८ ची सभा इथं भरली. पहिल्या सकाळी चॅपलला कुलूप होतं, किल्ली कुणाकडेच नव्हती. स्टँटनबाईंच्या भाच्याला उचलून खिडकीतून आत सोडलं आणि त्यानं आतून दार उघडलं. पहिला दिवस फक्त बायकांसाठी होता, दुसऱ्या दिवशी पुरुषही. सुमारे तीनशे माणसं जमली. ठरावांपैकी नववा मताचा. तेवढाच एक एकमतानं पास झाला नाही. गुलामगिरीविरोधी पुढारी फ्रेडरिक डग्लस उभे राहून बोलले तेव्हा तो तरला. जाहीरनाम्यावर शंभर सह्या झाल्या, ६८ बायका आणि ३२ पुरुष. त्यातली शार्लट वुडवर्ड ही एकटीच १९२० साली हक्क मिळेपर्यंत जिवंत होती, पण आजारपणामुळे तिला मत द्यायला जाता आलं नाही.

चॅपलच्या भिंती नीट बघाव्यात. मधल्या काळात या इमारतीत कपडे धुण्याचं दुकानसुद्धा चाललं. पार्क झाला तेव्हा मूळचं फार थोडं शिल्लक होतं. जुनी वीट आणि नंतरचं बांधकाम यांतला फरक डोळ्यांना दिसतो.

आता वॉटर्लू, पश्चिमेला दहा मिनिटं. ९ जुलैला इथं जेन हंट यांच्या घरी चहाला पाच बायका जमल्या आणि सभा घ्यायचं ठरलं. १६ जुलैला मॅक्लिंटॉक यांच्या घरी जाहीरनाम्याचा मसुदा झाला, तोही बैठकीच्या खोलीतल्या एका गोल टेबलावर. ते टेबल आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. पुढे याच टेबलातून आत्म्यांची टकटक ऐकू आली असंही सांगतात. पुराव्याच्या दृष्टीनं ही गोष्ट कच्ची, पण ती या घराला चिकटली यामागे कारण आहे.

कारणाचं नाव एमी पोस्ट. रॉचेस्टरच्या या बाई क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या. फॉक्स बहिणींवर सगळ्यात आधी विश्वास ठेवणाऱ्यांत त्या आणि त्यांचे पती आयझॅक, मुलींना त्यांनीच आपल्या घरी आसरा दिला. आणि सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर एमींची सही आहे. मॅक्लिंटॉक, हंट, पोस्ट ही सगळी एकाच गोतावळ्यातली सुधारक क्वेकर मंडळी. क्वेकरांच्या प्रार्थनासभेत पुरोहित नसतो. सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून बोलतो, मग तो पुरुष असो की बाई. आत्म्याच्या प्रेरणेनं बाईनं चारचौघांत बोलणं ही त्यांच्या घरातली रोजची गोष्ट होती. टकटक ऐकून ते दचकले नाहीत ते म्हणूनच. बाकीच्या अमेरिकेत बाईनं व्यासपीठावर चढणं हाच आगाऊपणा. पण “मी नाही बोलत, माझ्यातून आत्मा बोलतो” असं म्हटलं की लोक तिकीट काढून ऐकायला येत. याच राज्यातल्या क्यूबा गावी जन्मलेली कोरा स्कॉट कोवळ्या वयापासून तंद्रीत व्याख्यानं देई. विषय श्रोत्यांची समिती आयत्या वेळी ठरवायची.

रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी इथं कायद्याच्या दोन तारखा टिपून ठेवाव्यात. न्यूयॉर्कचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा ७ एप्रिल १८४८ चा, हाइड्सव्हिलनंतर बरोबर आठवड्यानं. त्यानं बायकोची मालमत्ता तिची राहिली, पण तिची कमाई अजून नवऱ्याचीच. कमाई तिची झाली १८६० च्या कायद्यानं. तेव्हा १८५५ सालच्या कथेतली लग्न झालेली मीडियम बैठकीचे पैसे स्वतःच्या नावावर साठवताना दाखवली असेल तर लेखकानं कायदा पाहिलेला नाही. आणि तिच्या नवऱ्याकडे खुनाचं कारण शोधायला लांब जायला नको.

चौथा दिवस, गुरुवार : हाइड्सव्हिल, कॅनंडेग्वा

जीपीएसमध्ये नुसतं ‘नेवार्क’ घातलं तर ते न्यू जर्सीकडे निघतं. वेन काउंटी, न्यूयॉर्क असं पूर्ण घालावं. वॉटर्लूहून अर्धा तास. नेवार्क हे ईरी कालव्यावरचं गाव. १८२५ साली पुऱ्या झालेल्या या कालव्यावरून माल आला, फेरीवाले आले आणि त्यांच्याबरोबर नवनवे पंथही आले. मॉर्मन पंथ जिथं उगवला ते पाल्मायरा शेजारीच आहे.

गावाच्या उत्तरेला, हाइड्सव्हिल रोडवर, फॉक्स कुटुंबाच्या घराचा दगडी पाया आहे. त्यावर आता इमारत उभारून तो झाकलेला आहे. आत जायचं तर आधी फोन करून वेळ ठरवावी. जवळ दुकान नाही की स्वच्छतागृह नाही, नेवार्कमध्येच उरकून यावं.

पाया पाहिला की पहिली गोष्ट जाणवते ती घराचा आकार. खोल्या थोड्या, भिंती पातळ, सगळं कुटुंब जवळजवळ झोपलेलं. फॉक्स कुटुंब डिसेंबर १८४७ मध्ये इथं आलं. ३१ मार्च, म्हणजे एप्रिल फूलच्या आदल्या रात्री, मॅगी चौदाच्या आसपास, केट अकराच्या. केटनं चुटक्या वाजवून “मी करते तसं कर” म्हटलं आणि तितक्याच टकटकी आल्या. मग आईनं मुलांची वयं विचारली, शेजारी बोलावले, रात्रभर प्रश्न चालले. आत्म्यानं स्वतःची ओळख दिली ती अशी : या घरात खून झालेला फेरीवाला, वय एकतीस, पुरलाय तळघरात.

गावकऱ्यांनी लगेच तळघर खणायला घेतलं आणि पाणी लागलं. बर्फ वितळण्याचा हंगाम, जमिनीखालचं पाणी वर आलेलं. खणणं थांबवून उन्हाळ्यात पुन्हा हात घालावा लागला. तेव्हा थोडे केस आणि हाडांचे तुकडे मिळाल्याचं सांगतात. १९०४ मध्ये तळघराची एक भिंत ढासळली, मागे सांगाडा सापडल्याची बातमी झाली आणि पुढे त्या हाडांवर शंकाही घेतल्या गेल्या. खुनाचा खटला कुणावर कधीच चालला नाही. घर १९१६ मध्ये उचलून लिली डेलला नेलं आणि १९५५ साली तिथं ते जळालं. प्रेत, साक्षीदार, आरोपी, घर, यातलं काहीच हाताशी नाही. म्हणूनच या प्रकरणावर कादंबऱ्या लिहून संपत नाहीत.

दुपारी दक्षिणेला कॅनंडेग्वा, साधारण अर्धा-पाऊण तास. घुमटाचं ऑंटॅरिओ काउंटी न्यायालय लांबूनच दिसतं. इथं जून १८७३ मध्ये मताधिकार चळवळीच्या पुढारी सुझन बी. अँथनी यांच्यावर मत दिल्याबद्दल खटला चालला. हे चालू न्यायालय आहे. दारावर तपासणी होते, खिशातला चाकू गाडीत ठेवून यावा.

या खटल्यातली एक गोष्ट या प्रवासातल्या सगळ्या बाकीच्या गोष्टींपेक्षा महत्त्वाची वाटते. बचावाच्या वकिलानं अँथनींना साक्षीला उभं करायचं म्हटलं. सरकारी वकिलानं हरकत घेतली : ही बाई स्वतःच्या बाजूनं साक्ष द्यायला पात्र नाही. न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी हरकत मान्य केली. मग त्यांनी ज्युरीला विचारविनिमय करू न देता दोषी ठरवण्याचा आदेशच दिला. शिक्षेआधी रिवाज म्हणून “काही सांगायचंय?” विचारलं, तेव्हा अँथनी बोलू लागल्या त्या थांबेचनात, खाली बसा, खाली बसा असं त्यांना पुन्हा पुन्हा बजावावं लागलं. दंड १०० डॉलर. त्यांनी तो कधीच भरला नाही. आणि न्यायमूर्तींनी दंड भरेपर्यंत तुरुंगात टाका असं मुद्दाम म्हटलं नाही, कारण तसं केलं असतं तर वरच्या कोर्टात जायची वाट मोकळी झाली असती.

मीडियम बोलू शकत होती, कारण ते बोलणं तिचं नसायचं. अँथनींना साक्ष देता आली नाही, कारण ती त्यांची स्वतःची असणार होती. मीडियम आणि मताधिकारवाली या दोघींना एकाच पात्रात सहज मिसळून टाकणाऱ्या कादंबऱ्या हा ताण हातचा घालवतात. एकीचं सगळं बळ “मी नव्हते” म्हणण्यात, दुसरीचं “मीच केलं” म्हणण्यात.

रात्री रॉचेस्टर, तासाभरात.

पाचवा दिवस, शुक्रवार : रॉचेस्टर

सकाळी शहराच्या मध्यात, मेन स्ट्रीटवरच्या रेनॉल्ड्स आर्केडच्या मागे कॉरिंथियन स्ट्रीट आहे. कॉरिंथियन हॉल इथं होता, आता नाही. १४ नोव्हेंबर १८४९ ला टकटकीचा पहिला जाहीर कार्यक्रम इथं झाला. तिकीट २५ सेंट; एक पुरुष आणि बरोबर दोन स्त्रिया असतील तर तिघांना मिळून ५० सेंट. म्हणजे आयोजकांना बायकांची गर्दी हवी होती. मंचावर मॅगी आणि लीआ होत्या. केट त्या वेळी ऑबर्नला होती. तिघींना एकत्र मंचावर बसवणारं वर्णन दिसलं की ते ऐकीव समजावं. रोज नवी तपास समिती नेमली गेली. बायकांच्या समितीनं दोघींचे कपडे उतरवून तपासले, काही सापडलं नाही. सापडणार कसं? साधन कपड्यांत नव्हतंच. शेवटच्या रात्री सभागृहात फटाके उडाले, दंग्याची पाळी आली.

तिथून चालत प्लिमथ अव्हेन्यू. पोस्ट कुटुंबाचं घर होतं त्या जागी आता हॉक्स्टाइन संगीतशाळा आहे. ही इमारत पूर्वीचं प्रेस्बिटेरियन चर्च. फ्रेडरिक डग्लस (१८९५) आणि सुझन अँथनी (१९०६) दोघांचे अंत्यविधी याच वास्तूत झाले.

मग १७ मॅडिसन स्ट्रीट, अँथनींचं घर. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, तासाभराची फेरी असते, जागा आधी राखून ठेवावी. घराच्या दर्शनी दिवाणखान्यात १८ नोव्हेंबर १८७२ ला डेप्युटी मार्शल त्यांना अटक करायला आला. तो अवघडला होता, तुम्ही तुमच्या सोयीनं या म्हणाला. पुरुषाला करता तशी रीतसर अटक करा, असं त्यांनी बजावलं. वाटेत ट्राममध्ये कंडक्टरनं तिकीट मागितलं तेव्हा त्यांनी सरकारकडे बोट दाखवलं, भाडं त्यांच्याकडून घ्या म्हणून.

त्यांनी मत दिलं तो दिवस ५ नोव्हेंबर १८७२. लडलो स्ट्रीटवर वुडहल कोठडीत, आणि इथं अँथनी आणि आणखी चौदा जणी मतपेटीपाशी. पण अँथनींचं मत वुडहलला गेलं नाही, त्यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँटला दिलं. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या अधिवेशनात वुडहलनं चळवळ आपल्या पक्षाकडे वळवायचा प्रयत्न केला, तेव्हा अँथनींनी रखवालदाराला सांगून सभागृहातले गॅसचे दिवेच घालवले होते. ज्या कादंबरीत या दोघी मैत्रिणी म्हणून संपूर्ण १८७२ साल काढतात ती बाजूला ठेवायला हरकत नाही. मतदानाची जागा घरापासून जवळच, वेस्ट मेन स्ट्रीटवर. तिथं कुलूप लावलेल्या मतपेटीचं कांस्यशिल्प आहे.

संध्याकाळी माउंट होप दफनभूमी. १८३८ साली सुरू झालेली, चढउताराची, चांगले बूट हवेत. अँथनींचा दगड साधा, पांढरा, कमरेइतकाही उंच नाही. मतदानाच्या दिवशी लोक त्यावर ‘मी मत दिलं’चे स्टिकर चिकटवत, डिंकानं दगड खराब व्हायला लागल्यावर २०२० मध्ये त्याला पारदर्शक आवरण घातलं गेलं. एमी आणि आयझॅक पोस्टही इथंच आहेत, पण तिकडे रांग लागत नाही.

सहावा दिवस, शनिवार : बफलोमार्गे लिली डेल

रॉचेस्टर ते लिली डेल थांबे धरून अडीच तास. बफलोत जेवून घ्यावं, भारतीय जेवण मिळणारं या रस्त्यावरचं हे शेवटचं मोठं शहर.

१८५१ मध्ये बफलो विद्यापीठाच्या तीन डॉक्टरांनी लीआ आणि मॅगीची परीक्षा घेतली. त्यांनी दोघींना पाय सरळ पुढे करून बसवलं, टाचा उशीवर ठेवायला लावल्या आणि वाट पाहिली. टकटक झाली नाही. पाय जमिनीवर आले की पुन्हा सुरू. डॉक्टरांनी ठपका गुडघ्याच्या सांध्यावर ठेवला. सांधा चुकला असेल, पण चाचणी नेमकी होती. खर्च दोन उशांचा. सबंध एकोणिसाव्या शतकात इतकी स्वस्त आणि चोख तपासणी क्वचित झाली असेल.

थ्रूवेच्या एक्झिट ५९ ला उतरून रूट ६० नं दक्षिणेला, कॅसाडागा तलावाकाठी लिली डेल. १८७९ साली परलोकवाद्यांनी वसवलेलं हे गाव आजही त्यांचंच आहे. हंगामात फाटकावर प्रवेशशुल्क घेतात. मुक्काम मेपलवुड हॉटेलात, खोली काही महिने आधी धरावी. खोल्यांत टीव्ही नाही. दिवाणखान्यात, इथं कृपया बैठका, उपचार, भविष्यकथन करू नये, अशी पाटी आहे; भुतांच्या गावातली ही सगळ्यात व्यवहारी पाटी म्हणावी लागेल.

सातवा दिवस, रविवार : लिली डेल

सकाळी संग्रहालय, जुन्या एकखोली शाळेतलं. हाइड्सव्हिलच्या फेरीवाल्याची म्हणून दाखवतात ती पत्र्याची पेटी इथं आहे. शिवाय आत्म्यांचा आवाज मोठा करणारे पत्र्याचे कर्णे आणि पाट्या. होय, आपल्या शाळेतल्या पाटी-पेन्सिलीच. मीडियम दोन पाट्या कोऱ्या दाखवायची, मधे पेन्सिलीचा बारीकसा तुकडा टाकून त्या समोरासमोर बांधायची. थोड्या वेळानं उघडलं की आतल्या बाजूला मजकूर. सर्वात प्रचलित युक्ती अशी : चौकटीत तंतोतंत बसणारा पातळ काळा पत्रा किंवा पुठ्ठा, आधीच लिहिलेल्या मजकुरावर झाकलेला. पाटी उलटी करताना तो टेबलावरच्या वर्तमानपत्रावर पडतो, आणि त्याची पालथी बाजू वर्तमानपत्राचाच कागद चिकटवलेली असल्यामुळे दिसत नाही. फसतं कुठं? भक्तानं स्वतःची खूण केलेली पाटी आणली तर, किंवा टेबलावर वर्तमानपत्र नसेल तर. रहस्यकथेतल्या गुप्तहेरानं पाटी तपासत बसू नये, टेबल तपासावं.

दुपारी लिओलिन जंगलातल्या बुंध्यापाशी, इन्स्पिरेशन स्टंपपाशी, जाहीर संदेशसभा असते. वेळा फलकावर लावतात. बुंधा सिमेंटनं बंदिस्त केलेला आहे. जंगल जुनं आणि दाट, गोचिडांसाठी पायघोळ पँट आणि मोजे हवेत, डासांसाठी औषध. गावात व्यवसाय करणाऱ्या मीडियमला परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते. खासगी बैठक हवी तर वेळ आणि दर आधी ठरवून घ्यावा. न्यूयॉर्क राज्यात पैसे घेऊन भविष्य सांगणं दंडसंहितेत अजून गुन्हा आहे, फक्त मनोरंजनाचा कार्यक्रम म्हणून केलं तर सूट. त्यामुळे इथले मीडियम आपलं काम धर्माचा भाग म्हणूनच मांडतात.

सभागृहाशी थोडं थांबावं. १८९० च्या दशकात इथं उन्हाळ्यात स्त्रियांचा दिवस साजरा व्हायचा, गाव पिवळ्या रंगात सजायचं, मताधिकाराचा तो रंग. अँथनी इथं बोलायला आल्या. त्यांच्याबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. एका मीडियमनं त्यांना म्हणे त्यांच्या मावशीचा संदेश आलाय असं सांगितलं. मावशी जिवंतपणीही मला आवडत नव्हती, आताही नाही. दुसरं कुणी बरं माणूस आणता येत नाही का, असं अँथनी म्हणाल्या.

मॅरियन स्किडमोर ग्रंथालय रविवारी उघडं आहे की नाही ते शनिवारीच विचारून ठेवावं. परलोकवाद्यांची जुनी नियतकालिकं चाळायची असतील तर दोन तास कमी पडतात. बफलोचा विमानतळ सव्वा तासावर. संध्याकाळचं विमान असेल तर चारपर्यंत फाटकाबाहेर पडावं, आणि गाडी परत देताना टोलच्या नोंदीचा हिशेब मागून घ्यावा.